हिकमतीची माती

बाब तूमा, दमास्कस
१६ मे १९९६

नजला,

आधी ‘प्रिय’ लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं आणि शेवटी कागदच बदलला. शाळेत मदर बर्नादेत म्हणायच्या, खाडाखोड केलेलं पत्र म्हणजे पाहुण्यापुढे उष्टं ताट. म्हणून नुसतं नजला. मोठ्या बहिणीचं अक्षर ओळखलं असशीलच.

कामाचं विचारते. गुलाबपाण्याच्या हंड्याला लिंपायची माती तू कशी मळायचीस?

तू गेल्यापासून हंडा आणि टोपण यांच्या सांध्याला आम्ही साधी कणीकच लावत आलो. भागत होतं. या वर्षी टोपण पडलं. कसं ते विचारू नकोस, पडलं. काठाला पोचा आला. तांबटाने ठोकून दिलं, तरी एका बाजूला बोट शिरेल एवढी फट राहतेच, आणि तिथे कणीक टिकत नाही. वाफ धरली की भाकरीसारखी फुगते, फुटते, आणि सगळा गुलाब अंगणात. काल उम्म जिरयिस भिंतीपलीकडून ओरडली, "लोरिस, आज आमच्या कोंबड्यासुद्धा अत्तर लावून हिंडतायत गं!" आई आतून म्हणाली, "मग अंडी आमची!"

आजोबा त्या मातीला हिकमतीची माती म्हणायचे. मला त्यांनी शिकवली नाही, कारण मी शाळेच्या पांढऱ्या बाह्यांनी बकरीच्या केसांत हात घालायला तयार नव्हते. तू कोपरापर्यंत माखून घ्यायचीस आणि वर गायचीस. आईला विचारलं तर म्हणाली, "जिला येत होतं तिला विचार." मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं आणि ती बराच वेळ जपमाळेचे मणी ओढत बसली.

‘विचार’ म्हणाली, म्हणून विचारते आहे. ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. या घरातला कायदा अजून तोच आहे. तू सुबहीशी लग्न करून अलेप्पोला गेलीस त्या दिवसापासून तुझं नाव घ्यायचं नाही आणि त्याचं तर नाहीच. आपली मुलगी, त्यांचा मुलगा, वाजवायचे ऊद बनवणारा, दुसऱ्या धर्माचा. आई हे वाक्य या क्रमाने म्हणायची. आता तेही म्हणत नाही. या पत्राचं तिला माहीत नाही. उत्तर कॉन्व्हेंटच्या पत्त्यावर पाठव, लहान मुलींना फ्रेंच शिकवायला मी अजून जाते.

आई बरी आहे. मीही बरी आहे. उजव्या मनगटाला फडकं बांधलंय म्हणून अक्षर वाकडं येतंय, काळजीचं काही नाही.

गुलाब अजून थोडे दिवस येतील. त्यात उत्तर आलं तर बरं.

लोरिस


२७ मे

नजला,

तुझं उत्तर आलं. चार ओळी. तीन मातीच्या आणि एक ‘आई कशी आहे?’ शाळेच्या दाराशी उभी राहून वाचलं, मग प्रार्थनाघरात बसून पुन्हा वाचलं. तिथे मातीबद्दल वाचलेलं देवाला चालत असावं.

तू लिहिलंस तसंच केलं. विहिरीच्या कामातून निघालेली तांबडी माती मलमलीतून गाळली. रात्रभर भिजवली. बकरीचे केस जवाच्या दाण्याएवढे कातरले. खोगीर शिवणाऱ्याकडून आणले, कॉन्व्हेंटची बाई म्हणून तो मला ओळखतो, म्हणाला, "आता ननसुद्धा खोगीर शिवायला लागल्या का?" मूठभर पीठ, चिमूट मीठ, अंड्याचं पांढरं. थापटल्यावर ओल्या गालावर चापट मारल्यासारखा आवाज येईपर्यंत मळायची, असं तू लिहिलंस. तो आवाज आला तेव्हा मला तुझा गाल आठवला. अंगठा एकाच दिशेने फिरवत गेले, मधे उचलला नाही.

नजला, टिकली! वाफेचा एक धागासुद्धा बाहेर आला नाही. नळीच्या टोकाशी थेंब जमला, लोंबला, पडला. मग दुसरा. वास बाटलीत, अंगणात काही नाही. उम्म जिरयिसने विचारलं, "आज भट्टी लावली नाही का?"

आई खुर्चीतून उठली. हंड्याशी गेली. गरम होतं, तरी तिने लिंपणावरून बोट फिरवलं, सगळीकडून. मग म्हणाली,

"केस कुणी सांगितले?"

मी म्हटलं, "शाळेतल्या सिस्टर क्लेमाँस आता अलेप्पोच्या मठात आहेत ना, त्यांना लिहून विचारलं."

"नन?"

"हो."

"नन बकरीचे केस कातरते?"

"मठात त्यांची बाग आहे आई, त्याही गुलाबपाणी काढतात."

"हं," आई म्हणाली. आईचं ‘हं’ तुला माहीत आहे.

संध्याकाळी हंडा निवल्यावर मी लिंपण फोडत होते. सुंदर फुटलं, एका तुकड्यात, मडक्याच्या काठासारखं. आईने तो तुकडा हातात घेतला, मोडला, बोटांत चुरगळला.

"अंडं जास्त झालंय," ती म्हणाली. "सांग तुझ्या त्या ननला."

सांगितलं.

लोरिस


१२ जून

प्रिय नजला,

(आता लिहिते आहे. खोडणार नाही.)

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. सिस्टर क्लेमाँसचं म्हणून. अंड्याची बाजू तू दोन पानं मांडली आहेस! अलेप्पोची हवा कोरडी, म्हणून तिथे अंडं लागतं, वगैरे. आई म्हणाली, "अलेप्पोची माणसं. कबाबात चेरी घालतात, मातीत अंडी घालतात. काही दिवसांनी चपलेत अक्रोड भरतील." मग म्हणाली, "पुढे वाच." पुढे नव्हतं, तर तिचं तोंड उतरलं.

तिला कळलंय, नजला. तिला कळलंय हे मला कळलंय. पण जोवर नन आहे तोवर आई बोलते, म्हणून नन असू दे.

काल शेंगा सोलता सोलता तिने विचारलं, "त्या ननला मुलंबाळं आहेत का?"

मी म्हटलं, "आई, नन आहे ती."

"विचारायला काय जातं?"

म्हणून विचारते आहे, सिस्टर, आपल्याला मुलंबाळं आहेत का?

आणखी एक. तेही तिनेच लिहायला सांगितलंय, नाहीतर मी लिहिलं नसतं. "तिला सांग, मला दिसत नाही. नाहीतर म्हणेल, म्हातारी उगाच चाचपत बसते." गेल्या दोन हिवाळ्यांत हळूहळू नजर गेली. उजेड कळतो, माणूस कळत नाही. ‘आई बरी आहे’ असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. टोपणही तिच्याच धक्क्याने पडलं. मी शाळेत होते, ती एकटी हंडा पुसायला गेली. आणि माझ्या मनगटावर वाफ आली ती पहिल्या दिवशी कणीक फुटली तेव्हाची. आता बरं आहे, थोडा गुलाबी डाग राहिलाय. तोही गुलाबाचाच म्हणायचा.

तू ये असं मी लिहीत नाही. लिहिण्याचा हक्क तिचा आहे, घर तिचं आहे. पण मला तू या अंगणात बसलेली हवी आहेस, आई असेपर्यंत हवी आहेस, आणि गुलाब आता पुढच्या मेपर्यंत येणार नाहीत. एवढंच.

तुझी,
लोरिस


६ ऑक्टोबर

प्रिय नजला,

तुझ्या रीमचं सगळं वाचून दाखवलं. औषधाच्या दुकानात काम करते, तोंड फार चालतं म्हणून लग्न जमत नाही, हेही. आई म्हणाली, "कुणावर गेली असेल?" आणि स्वतःच पुढे म्हणाली, "ननची मुलगी, म्हणजे देवावर." संध्याकाळी ती उम्म जिरयिसला सांगत होती, "अलेप्पोत माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, औषधं देते. हुशार आहे हो." ओळखीची!

आता एक गोष्ट, जी मी लिहीन की नाही ते मलाच ठाऊक नव्हतं.

तुझं ऊद इथेच आहे. सुबहीने तुझ्यासाठी केलेलं, अक्रोडाच्या पट्ट्यांचं गोल पोट आणि दांडीचं मागे वळवलेलं डोकं असलेलं, तेच. मोडून टाकलं असं तुला वाटत असेल. आईने एकदा टाकून द्यायला हवं म्हटलं होतं, पण टाकायला कुणालाच सांगितलं नाही. अंगणाच्या खोलीतल्या कपाटावर, चादरीत गुंडाळून, इतकी वर्षं. हंड्याच्या डोक्यावरच म्हण ना.

मे महिन्यात कणीक फुटायची तेव्हा सुटलेली वाफ त्या खोलीत जात होती. ऑगस्टमध्ये एकदा दुपारी आम्ही दोघी पडलो होतो, तर आतून ‘टण्’ असा आवाज आला. आई उठून बसली. "तार तुटली," म्हणाली. कुठली तार, कसली तार, काही नाही. नुसतं "तार तुटली", आणि पुन्हा आडवी झाली.

काल मी स्टूल घेऊन ते खाली काढलं. वरची लाकडी तबली एका बाजूने पोटापासून सुटली आहे, पुरती हातभर, वहीच्या पानासारखी उचलते. आत सुबहीची चिठ्ठी चिकटवलेली दिसते, त्याचं नाव आणि गाव. लाकूड कुठे फुटलेलं नाही.

पण काळजी करू नकोस. मी ती फट बंद केली! तुझ्याच मातीने. केस घालून, अंडं घालून, अंगठा एका दिशेने. पोचा आलेल्या तांब्यावर जी टिकली ती लाकडावर का नाही टिकणार? सुंदर बसली आहे. वाळली की घासून घेईन. सुबहीला सांग, त्याची मेव्हणी अगदीच अडाणी नाही.

लोरिस


१ नोव्हेंबर

प्रिय नजला,

किती हसलो आम्ही. आई हसली, नजला! मी तिला हसताना कधी ऐकलं होतं आठवत नाही.

तू लिहिलंस, सुबहीने माझं पत्र दुकानात उभ्याने वाचलं, खाली बसला, डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "बकरीचे केस. माझ्या तबलीला बकरीचे केस." आणि गिऱ्हाईक बाहेर ताटकळत होतं. मी हे सगळं सिस्टर क्लेमाँसच्या तोंडी घालून वाचत होते, आणि खाली त्याने स्वतः लिहिलेल्या ओळी आल्या. मला थांबायचं सुचलंच नाही. वाचून गेले.

‘लोरिसताई, तारा उतरवा, खुंट्या सैल करा, आणि यापुढे काही लावू नका. लाकूड जोडायचा सरस सुटला हे बरंच झालं. तो सुटावा म्हणूनच आम्ही सरस लावतो. वाफेने उघडतो, उबेने पुन्हा बसतो. कधीच न उघडणारा चिकट पदार्थ लावला असता तर ओल लागल्यावर लाकूडच फाटलं असतं, मग कुणाला काही करता आलं नसतं. पण ती माती मात्र तुम्ही—’ आणि पुढे त्याने दोन शब्द खोडले आहेत.

आई म्हणाली, "हा मधेच कोण बोलतोय?"

मी म्हटलं, "शेजारी. मठाचा शेजारी."

"ननचा शेजारी."

"हो."

"पुरुष आहे."

"शेजारी आहे आई. शेजारी पुरुषही असतात."

"बरं. मग त्या शेजाऱ्याला विचार, माती पत्राने शिकवता येते तर हा सरस लावणं का नाही?"

विचारते. आणि माझा चेहरा कसा झाला असेल त्याची कल्पना कर. बरं झालं तिला दिसत नाही, असं मनात आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

लोरिस


११ डिसेंबर

प्रिय नजला,

सुबहीचं उत्तर वाचून दाखवलं. माती संध्याकाळी फोडायची असते, म्हणून थोडी चुकली तरी चालते. उद्या पुन्हा मळता येते. तबलीचा सांधा पुढच्या माणसाच्या आयुष्यापर्यंत टिकायला हवा, म्हणून तो हाताखाली असल्याशिवाय जमत नाही. ऊद अलेप्पोला पाठवा, नाहीतर मी येतो. ‘नाहीतर मी येतो’ हे त्याने अगदी बारीक अक्षरात लिहिलं आहे. मी मात्र नेहमीच्या आवाजात वाचलं.

आई म्हणाली, "बसवर टाकलं तर तुकडे होतील."

"मग?"

"या घरातून ते बाहेर जाणार नाही."

"मग आई, कुणीतरी इथे यायला हवं."

तिने जपमाळ उचलली. पण ‘नको’ म्हणाली नाही. मी इतकी आनंदले की संध्याकाळी चुलीवर डाळ करपली.

नाताळ जवळ आला आहे. मी तिला नाताळच्या दिवशी विचारणार आहे, ननला मधे न घालता. प्रार्थना कर. तू कशीही केलीस तरी चालेल.

लोरिस


९ फेब्रुवारी १९९७

नजला,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं.

नाताळच्या दिवशी मी तुझं नाव घेतलं. मोठ्याने. चर्चमधून आलो होतो, तिच्या गालाला थंडीने लाली आली होती, मला वाटलं आता. मी म्हटलं, "आई, नजलाला बोलावू या." फक्त एवढंच.

ती म्हणाली, "या घरात नन होती तोवर ठीक होतं."

"आई, तुला माहीत होतं—"

"मला काय माहीत होतं ते मला माहीत आहे. तू कशाला बोललीस? माझ्या तोंडून निघायला हवं होतं ते तू तुझ्या तोंडून काढलंस."

त्यानंतर ती माझ्याशी जेवणाखाणापुरतंच बोलली. तुझं जानेवारीतलं पत्र मी वाचायला घेतलं, तर हात वर केला. उम्म जिरयिसला सांगितलं, "हंडा कुणाला हवा असेल तर बघ, या वर्षी भट्टी लावायची नाही." उम्म जिरयिस मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "काय केलंस गं म्हातारीला? गुलाबाशिवाय ती मेमध्ये करणार काय, माश्या मोजणार?"

मदर बर्नादेत म्हणायच्या, लोरिसचा सूर बरोबर असतो पण ती तालाच्या आधी सुरू करते. बघ, या वयातही तेच.

तू रागावू नकोस. आणि पत्र थांबवू नकोस. मी तिला न वाचताच माझ्यापुरती वाचेन. मलाही कुणीतरी लिहावं असं वाटतं.

लोरिस


२९ एप्रिल

माझी नजला,

अक्षर वाकडं येतंय. यावेळी आनंदाने.

आज शाळेची तपासणी करायला फादर येणार होते, आले नाहीत, म्हणून मुलींना लवकर सोडलं. मी घरी आले तर अंगणात उन्हात आई बसलेली. मांडीवर तुझं ऊद. कपाटावरून तिने ते कसं काढलं असेल देव जाणे. स्टूल आडवं पडलं होतं. शेजारी वाटीत कोमट पाणी, हातात माझ्या जुन्या पेटीकोटचं फडकं आणि एक काडी. ती मी भरलेली माती काढत होती. पाण्याचा बोळा टेकवायचा, थांबायचं, माती मऊ झाली की काडीने उचलायची, मग बोटाच्या टोकाने केस चाचपून एकेक ओढून काढायचा. लाकडावर पाणी राहू देत नव्हती, लगेच झग्याच्या कडेने टिपत होती.

मी दारातच उभी राहिले. तिला चाहूल लागली.

"आलीस? आज लवकर."

"काय करतेयस आई?"

"काय करतेय म्हणजे? तू घाण करून ठेवलीस ती काढतेय. एवढं अंडं! दगड झालाय नुसता."

"कधीपासून?"

"तू शाळेत गेलीस की. थोडं थोडं." तिने तबलीच्या काठावरून बोट फिरवलं, जसं हंड्याच्या लिंपणावरून फिरवलं होतं. "ही बाजू झाली. इथून इथपर्यंत राहिलंय. मातीचं मला कळतं. लाकडाचं त्याला कळेल."

नजला, ती ‘त्याला’ म्हणाली.

मी तालाच्या आधी सुरू करणार नव्हते. बसले. तिच्या शेजारी जमिनीवर. वाटीतलं पाणी बदललं. ती काम करत राहिली, मी गप्प राहिले, आणि कधी नव्हे ते गप्प राहणं मला जमलं.

शेवटी तीच म्हणाली, "कागद आण."

कागद आणला.

"लिही. ननला नको. नजलाला."

आता जे आहे ते सगळं तिचं आहे. मी फक्त अक्षर दिलं आहे. तिने मला शपथ घातली आहे की एक शब्दही सुधारायचा नाही, फ्रेंच शाळेतला तर नाहीच.

‘नजला. मी अदेल, तुझी आई. मला दिसत नाही म्हणून लोरिस लिहिते आहे. तिने काही आपलं घातलं तर ते माझं नाही. गुलाबवाल्याला मी निरोप पाठवला आहे, बुधवारपासून फुलं येतील. हंडा विकलेला नाही. उम्म जिरयिसला गिऱ्हाईक मिळालं नाही, असं ती म्हणते. तिने शोधलंच नाही, हे मला ठाऊक आहे. माती तू मळायचीस. लोरिसची माती बरी आहे, पण ती मळताना गात नाही, आणि मला कंटाळा येतो. अंडं कमी घाल. हे मी आजोबांची सून म्हणून सांगते आहे.

‘रीमला आण. तोंड चालतं म्हणतेस, चालू दे. या घरात तोंड चालणाऱ्या बायकांनी कधी कुणाचं नुकसान केलं नाही. न चालणाऱ्यांनी केलं. मी इतकी वर्षं गप्प होते ते बघ ना.

‘माती काढून ठेवते आहे. तुझ्या नवऱ्याला सांग, लाकूड मी ओरखडलं नाही. बोटांनी बघून घेतलंय.’

इथे ती थांबली. मला वाटलं झालं. मी ‘तुझी आई’ लिहायला घेतलं तर म्हणाली, "थांब. अजून आहे." आणि ऊद मांडीवरून उतरवून भिंतीशी टेकवलं, हात फडक्याला पुसले, जणू आता हातांना दुसरं काम आहे.

‘तुझ्या नवऱ्याला सांग. तो तीन वडीलधाऱ्यांना घेऊन मागणी घालायला आला होता, तेव्हा कॉफी मी केली होती. वेलची घालून, चांगली. त्याच्यापुढे ठेवली. रिवाजाप्रमाणे त्याने पेल्याला हात लावला नाही. मागणाऱ्याने होकार मिळाल्याशिवाय पिऊ नये. माझा नवरा तेव्हा हयात नव्हता, होकार द्यायचा तो मीच. मी बसले आणि बघत राहिले. फेस विरला, वर साय धरली. तोही बघत होता. मग मी नाही म्हटलं, आणि ते उठले. पेला मी उचलला. भरलेला होता. मोरीत ओतताना वास आला, आणि मला वाटलं होतं कुणीतरी प्यायला हवी होती. तेव्हाच वाटलं होतं, नजला, वर्षांनंतर नाही. पण ओतून झाली होती.

‘तो येईल तेव्हा मी पुन्हा कॉफी करणार आहे. मला दिसत नाही, तरी कॉफी मला हाताने जमते. मी समोर बसेन. तो पितो की नाही हे मला दिसणार नाही, तो घोट मला ऐकू यायला हवा. त्याने माझ्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, कुणाला बरोबर आणायचं नाही, काही बोलायचं नाही. समोर ठेवली की उचलायची. मागायचं काही उरलेलं नाही.’

"वाच बघू," आई म्हणाली.

मी वाचलं. सगळं, पहिल्यापासून. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"एक राहिलं," ती म्हणाली. "शेवटी घाल. ‘थंड व्हायच्या आत.’"